पहिला घाव यजमानाचा

बसा. मागचे थोडे पुढे सरका. खांबाला टेकलेत त्यांनी टेकूनच राहावं, झोप आली तर आधार लागतो. काका, पेटीवर सूर नुसता धरून ठेवा. गायचं नाही अजून. आधी विचारायचंय.

मंडळी, ऐका. समजा, तुम्हाला देव दिसला. खरोखरचा. दुपारच्या वेळी, मागच्या दारी, भांडी घासायच्या दगडापाशी उभा. तर काय कराल? हात जोडाल, की मोबाइल आणायला आत पळाल?

हसताय. म्हणजे उत्तर मिळालं.

पण प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. जे अमोल आहे ते लोकांना दाखवावं, की जपावं? कुणाला दाखवलं नाही तर लोक म्हणतील, आपमतलबी आहे, एकट्याने देव भोगतो. आणि दाखवलं तर — तर काय होतं, ते आज सांगायचंय. दाखवणं वाईट असतं तर मी इथे उभाच राहिलो नसतो. मग घोडं अडतं कुठे?

चार चरण जुळवलेत. कुणा संताचे नाहीत, माझेच आहेत, म्हणून भक्तिभावाने ऐकू नका, नुसते ऐका —

जे डोळां भरले । ते डोळां ठेवावे ।
हाती जे का घ्यावे । ते निमाले ॥

निमाले म्हणजे मेले, संपले. बास. आता आख्यान.

आज राजा नाही, ऋषी नाही, राक्षस तर मुळीच नाही. आजच्या गोष्टीत सगळी भली माणसं आहेत. हीच तर पंचाईत.

गोष्टीतल्या गृहस्थांचं नाव वामन कुंभलकर. भूशास्त्रज्ञ. म्हणजे दगडांचे वैद्य. हे लोक दगड हातात घेतात, भिंगातून बघतात, आणि कळलं नाही तर जिभेला लावून बघतात. खरं सांगतो. आपण देवाला नैवेद्य दाखवतो, हे लोक दगडाचीच चव घेतात. श्रद्धा लागते त्यालाही.

कुंभलकरांची सगळी नोकरी सरकारात गेली, भूजलाच्या खात्यात. जमिनीखाली पाणी कुठे आहे ते सांगायचं. केवढं पुण्याचं काम! गावोगावचे लोक त्यांना देवासारखं मानत. पण त्यांच्या बरोबरीचे? भूशास्त्रज्ञांची एक प्रांतिक परिषद होती. नाव काय करायचंय, आपण परिषदच म्हणू. तिथे कुणी सोन्याच्या मागे, कुणी हिऱ्यांच्या, कुणी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या हाडांच्या. त्या पंगतीत कुंभलकर म्हणजे बोअरवाले.

तर कुंभलकर अध्यक्षपदाला उभे राहिले. समोर पिंपळापुरे. खाणींचे सल्लागार, गोड बोलणारे, खिलवणारे. चहाच्या टेबलापाशी गाठ पडली.

"काय कुंभलकर, उभे राहताय म्हणे?"

"विचार आहे."

"राहा की. निवडून आलात तर आमच्या फार्महाऊसवर एक बोअर पाडून द्या. पडलात तरी द्या."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं? कुंभलकर. ज्याला लागतं ना, तो असाच हसतो. आणि हसता हसता मनात म्हणाले, एकदा, फक्त एकदा, ह्या लोकांनी माझ्याकडे वर बघावं.

मंडळी, मागणं मोठं होतं का? नव्हतं. तुमचं माझं ह्याहून वेगळं आहे का?

आता गोष्टीतलं दुसरं माणूस, एक बाई. इंदुमती गोतमारे. कुंभलकरांना शिकवणारे गुरुजी आणि ह्यांना शिकवणारे गुरुजी एकच, इंदूताई दोन वर्षं पुढे. एका संग्रहालयात आयुष्य काढलं, आता निवृत्त, गुडघ्याने बेजार. लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणत, "वेळच मिळाला नाही गं, दगडांनी फार दिवस घेतले."

ह्या इंदूताईंना एका नाल्यात काहीतरी सापडलं होतं.

काय? सांगतो. आपल्या ह्या मुलखात कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस आला, पसरला, निवला, त्याचा काळा दगड झाला. मग बराच काळ शांत. त्या शांत काळात कुठे तळं साठलं, काठाला चिखल झाला. पुढे पुन्हा रस आला आणि सगळं झाकून टाकलं. तो चिखल मध्ये दबून राहिला, त्याचा राखाडी दगड झाला, पापडासारखा, थरांचा. आणि त्या थरावर, मंडळी — पावलं. कुठलासा लहानगा जीव त्या चिखलावरून चालत गेला होता. बोटं उमटलेली. कोंबडीएवढा असेल, नसेल. कोण होता, ठरलं नव्हतं. चालत चालत एका जागी थांबला आणि वळला. वळून कुठे गेला? पुढची पावलं नाल्याच्या काठात, मुरमाखाली.

दुसरा कुणी असता तर काठ खणला असता. इंदूताईंनी खणला नाही. म्हणाल्या, नाला दर पावसाळ्यात थोडा मुरूम काढून नेतो, तो जेवढं दाखवेल तेवढं बघू. खणायला गेलं तर थर फुटतो. दसरा झाला, पाणी ओसरलं, की त्या जात. मऊ ब्रशने झाडत. एखादं पाऊल नवं उघडं पडलेलं असे, एखाद्या वर्षी काहीच नसे. बघत, चित्र काढत, फोटो घेत, पुन्हा मुरूम लोटून झाकत. अशी कैक वर्षं.

त्यांनी हे एकाच माणसाला दाखवलं. शास्त्रात दुसऱ्या डोळ्याची साक्ष लागते. तो दुसरा डोळा कुंभलकर.

"वामन, चपला काढ," त्या म्हणाल्या.

"ताई, तो दगड आहे. कोट्यवधी वर्षांचा."

"म्हणूनच काढ."

त्यांनी काढल्या. वाकून बघितलं. मग विचारलं, "हे छापत का नाही तुम्ही?"

"छापलं की लोक येतील. ते का वळलं, एवढं कळू दे. मग ये म्हणावं सगळ्यांना, मी स्वतः जेवायला घालीन." आणि मग, "कुणाला सांगू नकोस हं, इतक्यात."

"मी कशाला सांगतो?"

मंडळी, तो खोटं बोलत नव्हता. पुढे बरीच वर्षं तो दसऱ्यानंतर ताईंबरोबर जात राहिला, कुणाला बोलला नाही.

इथे तुम्ही मला विचाराल, बुवा, इंदूताईंनी लपवून ठेवलेली गोष्ट तुम्ही चव्हाट्यावर कशी सांगता? विचारायलाच हवं. कुंभलकरांनीच सांगितली मला, आणि म्हणाले, सांगा लोकांना. नाल्याचं नाव तेवढं घेऊ नका. का घेऊ नका? आता तर तिथे काही — थांबा. ते नंतर.

परिषदेचं वार्षिक अधिवेशन तीन दिवसांचं. पहिल्या दिवशी व्याख्यानं. दुसऱ्या दिवशी फील्ड, म्हणजे रानात जाऊन दगड बघायचे. तिसऱ्या दिवशी निवडणूक, हात वर करून. त्या वर्षी दोन्ही उमेदवारांना फील्डचा अर्धा अर्धा दिवस दिला होता.

आणि फील्डवरची एक जुनी चाल होती त्यांच्यात. जो ठिकाण दाखवायला नेईल तो यजमान. दगड दाखवून झाला की यजमानाने आपली हातोडी काढायची, पहिला घाव घालायचा आणि उडालेला तुकडा सगळ्यांत वयस्कर सभासदाच्या हातावर ठेवायचा. पहिला घाव यजमानाचा. त्यानंतर सगळ्यांना मोकळीक, ज्याने त्याने आपला नमुना घ्यावा. आपल्याकडे नाही का, घरधन्याने पहिला घास घेतला की पंगत बसते? तसं. चांगली चाल आहे. खडीच्या खाणीत, रस्त्याच्या कडेला, काय बिघडतं?

सकाळ पिंपळापुऱ्यांची. त्यांनी सगळ्यांना खाणीच्या विश्रामगृहावर नेलं. गारेगार सरबत, रस्सा, भात, खुर्च्यांना पांढरे अभ्रे. दगडही दाखवला एक, मधल्या वेळात. लोक ढेकर देत बसमध्ये चढले. आता दुपार कुंभलकरांची. त्यांनी ठरवलं होतं हमरस्त्याकडेच्या एका कापलेल्या टेकडीला न्यायचं, तिथे काळ्या दगडाचे थर छान दिसतात.

बसमध्ये मागून आवाज आला, "कुठे नेताय हो सर? तो रस्त्याकडचा कट नाही ना?"

"तो तर आपण कॉलेजात असताना बघितला."

"आमच्या पोरानेसुद्धा बघितला."

"झोपू द्या रे. आला की उठवा."

आणि पिंपळापुरे, अगदी प्रेमाने, "अरे, असं काय बोलता. कुंभलकर आपल्याला हातपंप दाखवणार आहेत."

बस हसली. कुंभलकर ड्रायव्हरशेजारी बसले होते, काचेकडे तोंड करून. ह्या वेळी हसले नाहीत. पुढे फाटा आला.

"डावीकडे घ्या," ते म्हणाले.

"तिकडे डांबर नाही जी, पांदण आहे."

"घ्या."

बघा, एवढंच. पाप करताना कडाडत नाही, आकाश फाटत नाही. कुणीतरी नुसतं म्हणतं, डावीकडे घ्या. आणि त्यांच्या मनात काय होतं? वाईट नव्हतं हो. ही शास्त्राची माणसं आहेत, हे बघतील, चकित होतील. मी इंदूताईंचं नाव घेईन. त्यांचाच मान होईल. असा सगळा हिशोब त्या कच्च्या रस्त्याच्या धक्क्यांत मनाशी बसवून झाला.

नाल्याशी उतरले. कुंभलकरांनी गुडघ्यावर बसून हातांनी मुरूम बाजूला केला. पावलं उघडी पडली.

पन्नासेक माणसं, सगळी वाकून बघायला लागली. मग पिंपळापुरे चिखलाची पर्वा न करता खाली बसले आणि वेगळ्याच आवाजात म्हणाले, "कुंभलकर. हे तुम्ही कुठून काढलं?"

बोअर नाही, हातपंप नाही. नुसतं, कुंभलकर. त्या आवाजासाठी त्यांनी सगळा जन्म घालवला होता. आता इंदूताईंचं नाव घ्यायचं होतं. आलं होतं ओठावर.

"बरीच वर्षं बघतोय," ते म्हणाले.

हे खोटं होतं का? नव्हतं. तीच तर हुशारी.

आता ताटके सर. परिषदेत सगळ्यांत वयस्कर. नाती, पणत्या असलेले. काठी टेकत पुढे आले, डोळ्यांत पाणी. म्हणाले, "वामनराव, मरायच्या आधी हे दाखवलंत. चला, यजमान. पहिला घाव."

हातोडी कमरेला होती.

मंडळी, कुंभलकरांनी हातोडीवरचा हात काढला. ताटके सरांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "सर, इथे घाव घालायचा नाही. हे माझं नाही, इंदूताई गोतमाऱ्यांचं आहे. बघा, फोटो काढा, आणि बूट काढून मागे या." थोडी कुरकुर झाली. कुणी म्हणालं, मग आणलंत कशाला? पण लोकांनी बूट काढले. दुसऱ्या दिवशी पिंपळापुरे निवडून आले. कुंभलकर घरी गेले, ताईंची माफी मागितली, ताई आठवडाभर रागावल्या, मग बोलायला लागल्या. पुढच्या दसऱ्यानंतर दोघं नाल्यावर गेले —

काका, सूर बंद करा. असं झालं नाही.

असं होऊ शकलं असतं. कुंभलकर मला म्हणाले, बुवा, ते न झालेलं मला झालेल्यापेक्षा जास्त स्पष्ट आठवतं. म्हणून आधी ते सांगितलं. आता झालं ते.

त्यांनी हातोडी काढली. त्यांनी मनाशी तोड काढली होती: पावलांवर घाव घालायचा नाही, बाजूच्या काळ्या दगडाला घालायचा. चालही पाळली जाईल, पावलंही राहतील. मग लगेच सांगायचं, की इथून पुढे नको. त्यांनी काळ्या दगडाच्या कडेला हातोडी मारली. टवका उडाला. तो ताटके सरांच्या हातावर ठेवला. सरांनी तो कपाळाला लावला.

पण पंगत बसली होती, मंडळी. यजमानाने घास घेतला होता.

पहिली ठक् डावीकडून आली. मग उजवीकडून. मग सगळीकडून. छिन्न्या निघाल्या. थर पापडासारखा, त्याला जोरही लागेना. "मला हे बोटांचं द्या." "अहो सर, जरा सरका, मला एक मिळू दे." कुणी आडदांडपणा केला नाही. म्हाताऱ्यांना आधी दिलं. एकमेकांना वर्तमानपत्राचे कागद दिले गुंडाळायला. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, "अरे, ह्याच्या पुढची आत असणार, मुरमात!" एकाने बसमधून पहार आणली. काठ ढासळला. आतला थर तुकड्यांनीच बाहेर आला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कुंभलकर काय करत होते?

'थांबा' हा शब्द गळ्यापर्यंत आला होता. त्यांनी वर बघितलं. सगळीकडे हात. हातोडी धरलेले, कागद धरलेले, आनंदाने उचललेले हात. आणि हेच हात उद्या सकाळी वर व्हायचे होते.

ते थांबा म्हणाले नाहीत.

एकेक जण येऊन हात मिळवून जात होता. "सर, काय दाखवलंत!" "कुंभलकर, मानलं बुवा तुम्हाला." प्रत्येकाने आपल्या तुकड्यावर पेनाने तारीख घातली, नाल्याचं नाव घातलं, स्वतःचं नाव घातलं. शिस्तीची माणसं. कोणता तुकडा कोणत्या तुकड्याच्या पुढचा, एवढं मात्र कुणी लिहिलं नाही. एकेकाकडे एकेक पाऊल गेलं. चाल कुणाकडेच गेली नाही.

दुसऱ्या दिवशी कुंभलकर प्रचंड मतांनी निवडून आले. पिंपळापुऱ्यांनी स्वतः हार घातला.

इंदूताई अधिवेशनाला आल्या नव्हत्या, गुडघ्यामुळे. त्यांना कसं कळलं? त्यांची एक जुनी विद्यार्थिनी, सुगंधा, भेटायला गेली. कागदाची पुडी पुढे केली आणि म्हणाली, "ताई, तुमच्यासाठी खास मागून घेतलं. बघा तरी. कुंभलकर सरांनी दाखवलं." ताईंनी पुडी सोडली. ते वळतानाचं पाऊल होतं.

सुगंधा मला म्हणाली, ताईंनी पुडी पुन्हा बांधली. आणि विचारलं, "जेवून जातेस ना?"

इकडे कुंभलकर फोनची वाट बघतायत. ताई रागावतील, वाटेल ते बोलतील, मी ऐकून घेईन. फोन आला नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मंडळी, रागावतं ते माणूस अजून आपलं असतं.

मग अध्यक्षांनी तुकडे परत मागायला सुरुवात केली. घरोघर गेले. कुणी दिला, ओशाळून. कुणी म्हणालं, नातवाच्या शाळेत दिला. एकाच्या टेबलावर कागदांवर ठेवलेला होता, त्याने दिला. एकाने घासूनपुसून पॉलिश केला होता, बोटं गेलेली. पिंपळापुरे म्हणाले, "घेऊन जा, माझं काही म्हणणं नाही. पण अध्यक्षसाहेब, पहिला घाव तुमचा होता."

कुंभलकर तो तुकडा घेऊन बाहेर पडले.

जमले तेवढे तुकडे खोक्यात घालून एका दुपारी ते इंदूताईंकडे गेले. ताईंनी दार उघडलं, खोक्याकडे बघितलं, आत गेल्या आणि जुनी चादर घेऊन आल्या. पडवीत अंथरली. दोघं खाली बसले, ताई पाय लांब करून. एकेक तुकडा मांडायला लागले. बाहेरच्या पावलांचे ताईंकडे फोटो होते, ती ओळखू येत होती, जमतील तशी लागत होती. पण काठातली, पहारीने निघालेली? कडा हातोड्यांनी चेचलेल्या, एकाची कड दुसऱ्याला बसेना.

"हे आधीचं, की हे?" ताईंनी विचारलं.

"माहीत नाही, ताई."

"तू होतास ना तिथे?"

"होतो."

ताई पुढे वाकल्या. एक तुकडा उचलला, उजेडाकडे धरला. हे पाऊल त्यांनी कधीच बघितलं नव्हतं. हे नाला अजून दहा-पंधरा वर्षांनी दाखवणार होता. तेव्हा त्या असत्या, नसत्या. टाचेशी चिखल सरकल्याची रेघ होती, जनावर घाईत असल्यासारखी. त्यांनी अंगठ्याने ती रेघ चाचपली. चेहरा असा उजळला, की कुंभलकरांना वाटलं, सुटलो.

"किती सुंदर आहे रे," त्या म्हणाल्या. आणि मग तुकडा चादरीवर ठेवायला गेल्या, तर कुठे ठेवायचा ते कळेना. हात तसाच अधांतरी राहिला.

कुंभलकर म्हणाले, बुवा, मला दुसरं काही आठवत नाही. तो हात आठवतो.

तुम्ही विचाराल, राजीनामा दिला का? नाही दिला. मुदत पूर्ण केली. पहिल्या घावाची चाल बंद करण्याचा ठराव आणला, तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. ताईंनी त्यांना क्षमा केली का? येत जा म्हणाल्या. ते जातात. चहा होतो, गुडघ्याचं बोलणं होतं, गुरुजींच्या आठवणी निघतात. नाल्याचं बोलणं निघत नाही.

आता तुमच्याकडे वळतो. कुंभलकर वाईट, असं म्हणून घरी जाऊ नका. ते सोपं आहे.

तुमच्या घरी एखादी मुलगी आहे का, भांडी विसळताना स्वतःशी गाणारी? पाहुणे आले की तुम्ही म्हणता, "गा गं, गाऊन दाखव." लाजते, तरी गाते. पाहुणे वाहवा करतात. कुणी म्हणतं, स्पर्धेला घाला. कुणी म्हणतं, वरचा सूर कच्चा आहे. प्रत्येक जण आपापला तुकडा घेऊन जातो. मग एके दिवशी भांडी विसळताना नुसता भांड्यांचा आवाज येतो. आला आहे का कुणाच्या घरी? बघा, पलीकडे कुणीतरी मान खाली घातली.

एखाद्याने रडत रडत तुमच्याजवळ मन मोकळं केलं असेल. तुम्ही ते चांगल्या हेतूने एकालाच सांगितलं. त्याने एकालाच. तो माणूस परत तुमच्याशी तसा बोलला का?

देव दाखवायचा नसतो, असं मी म्हणत नाही. दाखवावा, जरूर. पण आपण दाखवतो तेव्हा बघणाऱ्याला देव दिसावा असं वाटतं, की देवाशेजारी उभे आपण दिसावं असं वाटतं? आणि जे आपलं नाही, विश्वासाने आपल्याला नुसतं बघू दिलेलं आहे, त्यावर लोकांचे हात पडू लागले की थांबा म्हणायची छाती आपल्याला आहे का? ज्यांची वाहवा हवी आहे त्यांनाच थांबा म्हणायचं. फार कठीण आहे. आख्यान सांगणं सोपं आहे.

भैयाजी, तबला नको. टाळही नकोत. एवढी आरती आपण आज मनातल्या मनात म्हणू. प्रत्येकाने डोळे मिटायचे, आणि आपल्याला कुणी काय बघू दिलं होतं ते आठवायचं. शेजाऱ्याला सांगायचं नाही. मलाही सांगायचं नाही.

मिटा डोळे.